शरीरातील घड्याळ आणि कर्करोगाची पेशी

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळची ओपीडी संपत आली होती. एक जोडपे आत आले. गृहस्थ माझे जुने पेशंट, वय ५२. गावाबाहेरच्या सूतगिरणीत त्यांनी २२ वर्षे काम केले. त्यातली निम्मी वर्षे तरी तिसरी पाळी, म्हणजे रात्री ११ ते सकाळी ७. मागच्या वर्षी त्यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली. आता दर १५ दिवसांनी ते शहरात जाऊन केमोथेरपी घेतात आणि मधल्या काळात रक्त तपासून घ्यायला माझ्याकडे येतात.

त्या दिवशी रिपोर्ट पाहून झाला तरी वहिनी उठेनात. शेवटी म्हणाल्या, "डॉक्टर, दोन गोष्टी विचारायच्या होत्या. यांना हा आजार रात्रपाळीमुळं झाला का? आणि दुसरं असं, की पोराच्या मोबाईलवर आलंय, कॅन्सरचं इंजेक्शन ठरावीक वेळेलाच घेतलं तर लागू पडतं. आमचा नंबर लागेल तेव्हा लावतात. कधी दुपारी, कधी संध्याकाळी. मग ते वाया जातंय का?"

दोन्ही प्रश्न अगदी बरोबर होते. मी जमेल तसे समजावले, पण बाहेर पेशंट खोळंबलेले. पाच मिनिटांत सांगण्याजोगा हा विषय नव्हे. अशीच शंका आणखी काही घरांत असणार, म्हणून आजच्या सदरात तोच विषय घेतला आहे. थोडा किचकट आहे, पण पायरी पायरीने गेलो तर अवघड नाही.

घड्याळ कुठे आहे?

गजर न लावता रोज ठरल्या वेळी जाग येते, हा अनुभव अनेकांचा आहे. पहाटेच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत खाली असते, संध्याकाळी ते सुमारे १ अंश सेल्सिअसने वर असते. सकाळी उठण्याच्या वेळी रक्तदाब चढू लागतो. दम्याचा त्रास रात्री उत्तररात्री वाढतो, हे दमेकऱ्यांना सांगावे लागत नाही. ही सगळी कामे शरीर कुणाच्या तरी इशाऱ्यावर करीत असते.

हा इशारा बाहेरच्या उजेडाचा की आतल्या कशाचा, हा प्रश्न जुना आहे. १७२९ साली द मेराँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूच्या जातीचे झाड पूर्ण अंधारात ठेवून पाहिले. उजेड नसतानाही दिवस उगवायच्या वेळी त्याची पाने उघडत आणि रात्री मिटत. म्हणजे घड्याळ झाडाच्या आतच होते.

पुढचे मोठे पाऊल पडले १९७१ साली, अमेरिकेत. पिकलेल्या केळ्याभोवती घोंगावणारी बारीक चिलटे आपण सर्वांनी पाहिली आहेत. कोनोप्का आणि बेन्झर या दोघांनी या फळमाश्यांमध्ये असे प्रकार शोधून काढले, की ज्यांचे दिवसाचे चक्र २४ तासांऐवजी १९ तासांचे किंवा २८ तासांचे होते, आणि काहींना चक्रच नव्हते. या सर्व माश्यांमध्ये बिघाड एकाच जनुकात होता. त्याला 'पिरियड' असे नाव मिळाले. हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांनी १९८४ पासून या जनुकाचे काम कसे चालते ते उलगडले. त्यांना २०१७ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या घड्याळाची रचना घरच्या पाण्याच्या टाकीसारखी आहे. टाकीत पाणी भरू लागले की बॉलकॉकचा गोळा वर येतो आणि नळ बंद होतो. पाणी वापरून खाली गेले की नळ पुन्हा सुरू. आपल्या पेशीत 'क्लॉक' आणि 'बीमॅल-१' नावाची दोन प्रथिने मिळून 'पर' आणि 'क्राय' या प्रथिनांचा नळ सोडतात. पर हे माशीतल्या पिरियडचेच भाऊबंद. पर आणि क्राय पुरेशी साठली की ती पेशीच्या केंद्रकात परत जातात आणि क्लॉक व बीमॅलचे काम थांबवतात. मग ती हळूहळू मोडून संपतात आणि नळ पुन्हा उघडतो. भरणे आणि रिकामे होणे, या एका फेरीला साधारण २४ तास लागतात.

मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी आहे. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना मिळतात, त्याच्या लगेच वर सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका असतो. डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावरून तो रोज आपली वेळ जुळवून घेतो. पण घड्याळ फक्त मेंदूतच नाही. यकृत, आतडी, कातडी, जवळजवळ प्रत्येक अवयवाच्या पेशीत आपापले छोटे घड्याळ असते. मेंदूतले घड्याळ या सर्वांना एका वेळेवर आणते. रात्रपाळीत नेमके हेच विस्कटते. मेंदू उजेड पाहून एक वेळ सांगतो, आणि आतड्यांना मध्यरात्री दोन वाजताची भाकरी दुसरी वेळ सांगते.

तंबूतला सिनेमा आणि जनुकाची फीत

आता दुसरी पायरी. हे घड्याळ पेशीला नेमके काय करायला सांगते?

मी लहान असताना आमच्या गावच्या यात्रेत तंबूतला सिनेमा येत असे. फिल्म जुनी, दर खेळात दोनतीनदा तुटायची. ऑपरेटर खराब भाग कात्रीने कापून टाकी, दोन टोके चिकटवी आणि खेळ पुढे सुरू करी. इंग्रजीत या कापून जोडण्याला 'स्प्लायसिंग' म्हणतात. शेवटचा खेळ मध्यरात्री संपवायचा असेल तर तो मुद्दामच एकदोन गाणी गाळून फीत जोडत असे. सिनेमा तोच, पण संध्याकाळच्या खेळाला एक आणि रात्रीच्या खेळाला दुसरा. गाणी पाहायला येणारे पहिल्याच खेळाला गर्दी करायचे!

आपल्या पेशीतही हेच चालते, आणि शास्त्रज्ञांनी शब्दही तोच वापरला आहे. जनुक म्हणजे एखादे प्रथिन कसे बनवावे याची डीएनएमध्ये लिहिलेली कृती. पेशी आधी त्या कृतीची आरएनए नावाची नक्कल काढते. ही नक्कल सलग उपयोगाची नसते. तिच्यात कामाचे तुकडे असतात आणि त्यांच्यामध्ये गाळून टाकायचे लांबच लांब तुकडे असतात. पेशीतले एक यंत्र नको ते तुकडे कापते, कामाचे तुकडे जोडते, आणि मगच त्या जोडलेल्या फितीवरून प्रथिन तयार होते. शार्प आणि रॉबर्ट्स या दोघांनी १९७७ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हे शोधून काढले. त्यांना १९९३ साली नोबेल मिळाले. आम्ही तेव्हा नुकतेच इंटर्नशिप करीत होतो. वर्तमानपत्रातली बातमी होस्टेलवर वाचली आणि आपल्या पेशंटशी याचा काय संबंध, असे म्हणून बाजूला ठेवली. संबंध होता, तो कळायला पुढे बरीच वर्षे गेली.

कापाकापी किती मोठी असते याचा एक नमुना देतो. आपल्या स्नायूंमध्ये डिस्ट्रॉफिन नावाचे प्रथिन असते. त्याचे जनुक २० लाखांहून अधिक अक्षरांचे आहे. कापून जोडल्यावर उरते ती फीत सुमारे १४ हजार अक्षरांची, ७९ तुकड्यांची.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की जोडणी दरवेळी एकसारखी होत नाही. एखादा तुकडा कधी ठेवला जातो, कधी गाळला जातो. माणसाच्या ९० टक्क्यांहून अधिक जनुकांच्या फिती एकापेक्षा जास्त प्रकारे जोडल्या जातात. म्हणूनच सुमारे २० हजार जनुकांवर आपले सारे भागते.

आणि एका तुकड्याने किती फरक पडतो ते पाहा. 'बीसीएल-एक्स' नावाचे एक जनुक आहे. त्याची लांब फीत जोडली गेली तर बनणारे प्रथिन पेशीला जगवते. आखूड फीत जोडली गेली तर बनणारे प्रथिन पेशीला मरायला लावते. जनुक एकच, पण जोडणीवर जगणे-मरणे ठरते. शरीरात खराब झालेली पेशी वेळेवर मरणे ही आपली मोठी संरक्षक सोय आहे. अनेक कर्करोगांत ही लांब फीत वाढलेली सापडते. मरायला हवी ती पेशी मग मरत नाही.

घड्याळ आणि कात्री यांचा संबंध

घड्याळ ठरावीक जनुके ठरावीक वेळी चालू-बंद करते, हे बरीच वर्षे माहीत होते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत लक्षात आले ते असे, की घड्याळ कात्रीवरही हुकूम चालवते. फीत कधी काढायची हेच नव्हे, तर ती कशी जोडायची हेही वेळेप्रमाणे बदलते. तंबूतल्या ऑपरेटरप्रमाणेच.

२०१४ साली बर्लिनमधील संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवले, की कापण्या-जोडण्याच्या यंत्रातलेच एक प्रथिन दिवसा एका रूपात आणि रात्री दुसऱ्या रूपात बनते, आणि त्यातले एक रूप पुन्हा घड्याळातल्या पर या प्रथिनाला अस्थिर करते. म्हणजे घड्याळ कात्रीला चालवते आणि कात्री घड्याळाला. २०१७ साली त्याच शहरातून आणखी एक गोष्ट पुढे आली. दिवसरात्रीत शरीराचे तापमान जे जेमतेम १ अंशाने वरखाली होते, तेवढ्यानेसुद्धा अनेक जनुकांची जोडणी बदलते. एक अंश म्हणजे काय, थर्मामीटरवर आपण लक्षही देत नाही. पण पेशीला तेवढा इशारा पुरतो. मेंदूतले घड्याळ दूरच्या अवयवांना वेळ कशी कळवते, त्याचा हा एक मार्ग आहे.

कर्करोगात काय बिघडते?

आता आपल्या मूळ विषयाकडे येऊ. आणि योगायोगाने संशोधन झाले आहे ते मोठ्या आतड्याच्याच कर्करोगावर.

प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी वर्षानुवर्षे जिवंत ठेवता येतात. अशा पेशींची एक जोडी जगभर वापरली जाते. 'एसडब्ल्यू-४८०' आणि 'एसडब्ल्यू-६२०' अशी त्यांची नावे. दोन्ही एकाच माणसाच्या. पहिल्या पेशी आतड्यातल्या मूळ गाठीतल्या, दुसऱ्या नंतर रोग पसरलेल्या लसिकाग्रंथीतल्या. बर्लिनमधील दुसऱ्या एका गटाने या दोन्हींतले घड्याळ तपासले. मूळ गाठीतल्या पेशींत घड्याळ बऱ्यापैकी टिकटिकत होते. पसरलेल्या रोगातल्या पेशींत ते अगदी क्षीण झाले होते. माणूस एकच, रोग एकच, पण रोग पुढे सरकला तसे घड्याळ मंदावले.

मग प्रश्न आला, घड्याळ बिघडले म्हणून जोडणी बिघडते का? याच गटाने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या आणखी एका प्रकारच्या पेशी वापरल्या. त्यांतली घड्याळाची तीन वेगवेगळी जनुके एकेक करून बंद केली आणि ठरावीक तासांच्या अंतराने पेशीतल्या सगळ्या फिती वाचल्या. २०२२ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कुठलेही एक जनुक बंद केले तरी कापण्या-जोडण्याच्या यंत्राच्या एका महत्त्वाच्या भागाचा रोजचा चढउतार नाहीसा झाला. आणि त्याबरोबर कर्करोगाच्या वाढीशी ज्यांचा संबंध आहे अशा काही जनुकांच्या जोडणीचा नमुना बदलला.

त्यातले एक जनुक 'सीडी-४४'. त्याचे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर असते आणि पेशीला आजूबाजूला धरून ठेवण्याच्या कामात भाग घेते. १९९१ सालीच असे दिसले होते, की या जनुकाची एक वेगळी जोडलेली फीत उंदराच्या जातीतल्या घुशीएवढ्या प्राण्याच्या, म्हणजे रॅटच्या, न पसरणाऱ्या कर्करोगपेशीत घातली तर ती पेशी शरीरभर पसरू लागते. एका फितीने एवढा फरक. त्यामुळे त्या फितीची जोडणी घड्याळाच्या बिघाडाने हलते, ही बाब दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

थोडक्यात चित्र असे दिसते. निरोगी पेशीत घड्याळ कात्रीला शिस्त लावते. कर्करोगाच्या पेशीत घड्याळ ढिले पडते, कात्रीची शिस्त सुटते, आणि चुकीच्या जोडणीतून पेशीला वाढायला, न मरायला आणि पसरायला सोयीची प्रथिने मिळू शकतात.

पण इथे मला वाचकांना थांबवायचे आहे. हे सगळे काचेच्या भांड्यातल्या पेशींवरचे आणि संगणकावर केलेल्या विश्लेषणाचे काम आहे. घड्याळ बिघडले म्हणून कर्करोग झाला की कर्करोग झाला म्हणून घड्याळ बिघडले, हे त्यातून सुटत नाही. बहुधा दोन्ही एकमेकांना खेचतात. शिवाय सगळे कर्करोग सारखे नाहीत. मेंदूच्या आणि रक्ताच्या एकेका प्रकारच्या कर्करोगात उलट असे दिसले आहे, की कर्करोगाच्या मूळपेशींना स्वतः जगण्यासाठीच घड्याळ लागते. तेव्हा 'घड्याळ दुरुस्त करा, कर्करोग बरा' असे कुणी सांगू लागला, तर तो औषध विकायला आला आहे असे समजा.

जोडणी दुरुस्त करणारी औषधे मात्र स्वप्न राहिलेली नाहीत. लहान मुलांच्या स्नायू कमजोर करणाऱ्या एका आनुवंशिक आजारावर, चुकलेली जोडणी सुधारणाऱ्या इंजेक्शनला अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली. कर्करोगात अशी औषधे अजून चाचण्यांच्या पातळीवर आहेत.

रात्रपाळीने कॅन्सर होतो का?

वहिनींचा पहिला प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी संस्था फ्रान्समध्ये लिआँ येथे आहे. तिने २००७ साली रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातले आणि २०१९ साली पुन्हा विचार करून तोच निर्णय कायम ठेवला. तंबाखू याच्या वरच्या गटात, म्हणजे 'निश्चित कर्करोगकारक' गटात आहे. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते नव्हे.

पुरावा कसा आहे? अमेरिकेतील परिचारिकांच्या एका मोठ्या पाहणीत २००३ साली असे आढळले, की १५ किंवा अधिक वर्षे फिरती रात्रपाळी केलेल्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक होते. आकडा ऐकून दचकू नका. समजा दर १ हजारात २० जणींना हा आजार होणार असेल, तर तिथे २७ जणींना झाला, असा त्याचा अर्थ. त्याच्या उलट, ब्रिटनमधल्या स्त्रियांच्या फार मोठ्या पाहणीत २०१६ साली रात्रपाळीमुळे स्तनाचा कर्करोग वाढल्याचे दिसले नाही. पुरावा असा दोन्हीकडे झुकणारा आहे. संशय घेण्यास जागा आहे, खात्रीने बोट दाखवण्यास नाही.

म्हणून एका विशिष्ट माणसाबद्दल 'रात्रपाळीमुळेच झाला' असे कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही. या गृहस्थांनी २२ वर्षे तंबाखूही मळली होती. वय झाले होते. आणि नशिबाचाही भाग असतोच. रात्रपाळीवर मुलांची शिक्षणे झाली, घर उभे राहिले. त्या कष्टांना आता गुन्हा ठरवून दोघांनी मनाला लावून घेऊ नये, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले.

इंजेक्शनची वेळ

दुसरा प्रश्न अधिक नाजूक, कारण मोबाईलवरचा तो मजकूर सगळाच खोटा नाही.

फ्रान्समधील डॉ. फ्रान्सिस लेव्ही यांनी या विषयाला आयुष्य वाहिले. पसरलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या १८६ रुग्णांवरची त्यांची चाचणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. औषधे आपल्या पेशंटला चालू आहेत तीच, फ्लुओरोयुरॅसिल आणि ऑक्सॅलिप्लॅटिन. एका गटाला ती एकसारख्या गतीने दिली. दुसऱ्या गटाला पंपाने वेळ साधून दिली. पहिल्या औषधाचा जोर पहाटे ४ वाजता, दुसऱ्याचा दुपारी ४ वाजता. वेळ साधलेल्या गटात ५१ टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या, दुसऱ्या गटात २९ टक्के. तोंड आणि आतडी सोलवटण्याचा तीव्र त्रास वेळ साधलेल्या गटात १४ टक्क्यांना झाला, दुसऱ्या गटात ७६ टक्क्यांना. त्रासातला हा फरक फारच मोठा होता. सगळीकडे आशा निर्माण झाली.

मग २००६ साली अनेक देशांतल्या ५६४ रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. या वेळी तुलना नेहमीच्या प्रचलित पद्धतीशी होती. एकूण आयुर्मानात फरक पडला नाही. इतकेच नव्हे, वेळ साधलेल्या पद्धतीत पुरुषांना थोडा फायदा झाला, तर स्त्रियांचे आयुष्य प्रचलित पद्धतीपेक्षा कमी भरले. एकच वेळापत्रक सर्वांना लागू पडत नाही, हे त्यातून शिकायला मिळाले. आत्तापर्यंतचा लेख वाचला असेल तर याचे नवल वाटणार नाही. प्रत्येकाचे घड्याळ थोडे वेगळे, गाठीतले घड्याळ शरीराशी जुळेलच असे नाही, आणि गाठ पसरली की ते आणखी बिघडलेले.

मोबाईलवर आलेला मजकूर बहुधा एका वेगळ्याच औषधाबद्दल होता. प्रतिकारशक्ती जागवणारी काही नवी इंजेक्शने आहेत. २०२१ साली अमेरिकेत कातडीच्या एका कर्करोगाच्या रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा ज्यांना ही इंजेक्शने बऱ्याचदा दुपारी साडेचारनंतर दिली गेली, त्यांचे आयुष्य तुलनेने कमी भरलेले दिसले. त्यावर पुढे अभ्यास चालू आहे. पण ती औषधे वेगळी, हे वेगळे.

वहिनींना मी जे सांगितले तेच इथे लिहितो. नंबर दुपारी लागो वा संध्याकाळी, औषध वाया जात नाही. वेळ साधण्यासाठी एकही पाळी चुकवू नका, पुढे ढकलू नका. पाळी चुकली तर नुकसान नक्की आहे. वेळ साधून होणारा फायदा अजून नक्की नाही. मनात शंका असेल तर कर्करोगतज्ज्ञांना विचारा, स्वतःच्या मनाने काही बदलू नका.

आपल्या हातात काय आहे?

रात्रपाळी सोडा, असे मी कुणाला सांगणार नाही. पोट भरायचे असते. पण काही गोष्टी करता येतात. पाळीवरून आल्यावर झोपायची खोली जाड पडदा लावून काळोखी करा. घरच्यांनी त्या वेळी दूरदर्शन संच आणि पाहुणे दूर ठेवावेत. दोन तुकड्यांत का होईना, दिवसाकाठी ७ तास झोप झाली पाहिजे. मुख्य जेवण पाळीवर जाण्यापूर्वी करा, मध्यरात्री भरपेट जेवू नका. जागे राहण्यासाठी तंबाखू आणि मिश्रीचा आधार घेऊ नका. घड्याळाबद्दलचा पुरावा अजून तळ्यात-मळ्यात आहे, तंबाखूबद्दल तसे काही उरलेले नाही.

आणि आता एक गोष्ट, जी त्या जोडप्याने मला विचारली नाही.

या गृहस्थांना मागच्या वर्षी शौचावाटे रक्त जाऊ लागले तेव्हा त्यांनी 'जागरणाने उष्णता झाली' असे म्हणून महिनाभर सब्जा आणि ताक घेतले. मग माझ्याकडे आले. ओपीडीत गर्दी होती. 'मूळव्याध दिसते' असे म्हणून मी मलम आणि गोळ्या लिहून दिल्या. तपासणीच्या टेबलावर घेतले नाही. त्यांनाही संकोच होता, मलाही घाई होती. दोन महिन्यांनी ते परत आले तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता आणि हिमोग्लोबिन ७ वर आले होते. मग पुढच्या तपासण्या झाल्या आणि गाठ सापडली. ३० वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर माझ्याकडून हे झाले. त्या दोन महिन्यांनी किती फरक पडला हे मी सांगू शकत नाही, पण ते महिने माझ्या हिशेबी जमा आहेत. मी त्यांच्याजवळ हे कबूल केले आहे.

म्हणून वाचकांना हात जोडून सांगतो. शौचावाटे रक्त जात असेल, शौचाची सवय तीन आठवड्यांहून अधिक काळ बदललेली असेल, कारण नसताना वजन उतरत असेल किंवा अशक्तपणा वाढत असेल, तर ते उष्णतेवर ढकलू नका. चाळिशीच्या पुढे तर मुळीच नको. डॉक्टरांकडे जा, आणि त्यांनी न तपासता चिठ्ठी लिहायला घेतली, तर 'साहेब, एकदा तपासून पाहा' असे आपणहून म्हणा. बोटाने करायच्या तपासणीला दोन मिनिटे लागतात. पुढे गरज पडली तर दुर्बिणीची तपासणी आहे. वेळेत सापडलेला मोठ्या आतड्याचा कर्करोग बरा होतो, हे सांगायला मला कोणत्याही नव्या संशोधनाची वाट पाहावी लागत नाही.

आमच्या पेशंटच्या केमोथेरपीच्या चार पाळ्या राहिल्या आहेत. परवा येऊन गेले, हिमोग्लोबिन ११ च्या वर आहे. दिवसा झोपायची जुनी सवय अजून सुटलेली नाही, अशी वहिनींची तक्रार. त्यांना मी सकाळी उन्हात अर्धा तास फिरायला सांगितले आहे. मेंदूतले घड्याळ उजेडावर जुळते, आणि या औषधाला फी नाही.

रात्रपाळी करणाऱ्या वाचकांनी आपल्या झोपेच्या अडचणी लिहून कळवल्यास त्यावर पुन्हा एखाद्या आठवड्यात सविस्तर लिहीन.